दुकानाचा दहावा

ईश्वरदास मामाजींचं दुकान गेलं तोवर आमच्या नागपूरला गोष्टी जाण्याची सवय झालेली होती. आदल्याच साली राजधानी गेली. ती भोपाळला गेली, आणि जाताना टेबलं, पंखे, फायली आणि आमच्या मागच्या गल्लीतले दोन कारकून सहकुटुंब घेऊन गेली. सरकार उठून गेल्यावरही ज्या शहराने दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर पोहे खाल्ले, ते शहर गांधीबागेतल्या एका टिनाच्या दुकानासाठी अडून बसेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. शहर बसलंही नाही. मामाजी बसले.

झालं असं की जुन्या वस्तीतून एक नवा, रुंद, सरळ रस्ता निघाला. आमच्याकडे तोवर सरळ असं काही नव्हतं. गल्ल्या वाकड्या, गल्ल्यांतली दुकानं तिरपी, आणि दुकानांतली माणसं त्याहून तिरपी. रस्त्याच्या आड जे आलं ते गेलं. तो घड्याळजी गेला, ज्याच्या भिंतीवरचं प्रत्येक घड्याळ निराळी वेळ दाखवी आणि उशीर झालेला माणूस त्यातलं आपल्याला परवडणारं घड्याळ पाहून निश्चिंत मनाने पुढे जाई. तो न्हावी गेला, ज्याच्या आरशात कोणीही लठ्ठ दिसे. आमच्या वस्तीतली हाडकुळी विणकर मंडळी दाढी करायची नसली तरी तब्येत पाहायला तिथं डोकावत. कडुनिंब गेला, त्याच्याखालचा तांग्यांचा अड्डाही गेला. घोडे मात्र पुढे कितीतरी दिवस तिथंच येऊन उभे राहत, नसलेल्या सावलीत. त्यांना कोणी नोटीस दिली नव्हती.

आणि मामाजींचं कुंदीचं दुकान गेलं.

कुंदी म्हणजे काय हे आता समजावून सांगावं लागतं, इतकं सगळं लवकर बदललं. मागावरून उतरलेलं लुगडं जरा मरगळलेलं असतं. त्याला खळ द्यायची, घडी घालून चिंचेच्या जाड ओंडक्यावर ठेवायचं, आणि दोन माणसांनी समोरासमोर बसून लाकडी मोगऱ्यांनी ते आळीपाळीने बडवायचं. पुष्कळ बडवलं की सूत सपाट होतं आणि कापडाला चकाकी येते. पेटीतलं जुनं लुगडंसुद्धा कुंदी करून आणलं की लग्नात मिरवता येई. या धंद्याचं तत्त्व मामाजी एका वाक्यात सांगत. "माणसाले मारलं तं बिघडते, कापडाले मारलं तं सुधरते."

त्या बडवण्याचा आवाज साऱ्या वस्तीत जाई आणि वस्तीचे पत्ते त्या आवाजावर चालत. "आवाज उजव्या कानात आला का वळजा, दोन्ही कानांत आला का थांबजा, तेच घर," असा आमच्या घराचा पत्ता होता. पाहुणा बहिरा असला तर आम्ही त्याला घ्यायला स्टेशनावर जात असू.

दुकान पाडलं त्या दिवशी मामाजींनी काही तमाशा केला नाही. समोरच्या मोगरीवर बसणारा त्यांचा जोडीदार ताराचंद आधीच गिरणीत लागला होता. आठ जणांनी ओंडका उचलून मामाजींच्या अंगणात नेऊन टाकला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, गंध लावलं, गोणपाटाचा बोरा बगलेत मारला आणि रोजच्या वेळेला ते निघाले. जिथं त्यांची बसायची जागा होती तिथं, म्हणजे आता रस्त्याच्या मधोमध, बोरा अंथरून बसले. संध्याकाळी घरी आले. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले. गिट्टी पडली, ते गिट्टीवर बसले. मुरूम पडला, ते मुरमावर बसले.

"काहून बसता जी तिथं?" भागीरथा मामी विचारी.

"दुकान उघडं टाकून कसं येऊ?"

"कोनतं दुकान?"

"म्हंजे? आपल्याले काय दहा दुकानं हायेत?"

रस्त्यावर वाफेचा रोलर होता आणि त्यावर उमरेडकडचा रुपराव नावाचा ड्रायव्हर होता. जन्मभर वस्तू सपाट करण्याचं काम करूनही हा माणूस मनाने फार हळवा राहिला होता. मामाजींना उठवण्याऐवजी तो त्यांना वळसा घालून रोलर नेई. "मले रस्ता दाबाची ऑर्डर हाय, मानूस दाबाची नाई," असं तो मिस्त्रीला सांगे. दुपारी दोघं रोलरच्या सावलीत बसून एकमेकांच्या डब्यातली भाजी खात. होता होता रस्ता इकडून तयार झाला, तिकडून तयार झाला, आणि मध्ये एका बोऱ्याएवढा भुसभुशीत चौकोन राहिला. त्या चौकोनावर मामाजी.

शेवटी मिस्त्री म्हणाला, "इतवारी काम खतम. सोमवारी पहाटे रस्ता खुला. वाडीचे ट्रक इथूनच येतीन."

हे ऐकून मी मात्र घाबरलो, कारण मी वाडीलाच एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून होतो आणि ट्रक ड्रायव्हर मंडळींना जवळून ओळखत होतो. भली माणसं. फक्त ब्रेक हा ते शेवटचा उपाय समजत, आणि शेवट येऊच नये अशा श्रद्धेने गाडी हाकत.

मामी तर रडायलाच लागली. "श्रावण, ते ट्रकखाली जातीन रे. मी किती सांगतलं, आइकतच नाई."

बाई माणूस रडायला लागलं की मला काय बोलावं ते कधी सुचत नाही, आणि सुचत नाही तेव्हा मी विनोद करतो. मी म्हटलं, "मामी, त्याइले दुकान मेलं हेच पटलं नाई. तेरवी करून टाका दुकानाची. मेल्याची खात्री होईन."

मी हसलो. मामी हसली नाही. तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि तडक श्रीधरभटजींकडे गेली. मी मागोमाग पळालो, पण विनोद एकदा दाराबाहेर पडला की त्याला पकडणं कठीण असतं.

श्रीधरभटजी महाल भागातला तरुण भिक्षुक होता. नवाच असल्यामुळे कुठलीही गोष्ट अशक्य म्हणायची त्याला भीती वाटे. त्याने डोळे मिटून विचार केला.

"तेरवी अशी एकदम होत नाही. आधी दहावा. पिंड ठेवायचा, कावळा शिवायला हवा. मृताच्या वडिलांचं नाव?"

"दुकान माह्या सासऱ्यानं टाकलं होतं," मामी म्हणाली.

"म्हणजे सासरे वडील. म्हणजे ईश्वरदास आणि दुकान भाऊ भाऊ झाले. थोरलं कोण?"

"दुकान. हे मागून झाले."

"थोरल्याचं धाकट्याने करायचं. शास्त्राला धरून आहे," भटजी म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला.

"मिशी काढा लागंल का?" मामीने काळजीने विचारलं. मामाजींची मिशी हा वस्तीतला दुसरा मोठा ऐवज होता.

भटजीने पुन्हा डोळे मिटले. "सख्खा भाऊ असता तर काढावी लागली असती. आपण सावत्र धरू."

रविवारी सकाळी त्या चौकोनाभोवती अर्धी वस्ती जमली. मामाजी बोऱ्यावर बसलेले. भटजीने दर्भ, तीळ, पळी-पंचपात्र मांडायला सुरुवात केली तसे ते खवळले.

"हे काय करून राहिले बे?"

"दुकानाचा दहावा," मी म्हटलं.

"मेलं नाई तं दहावा कायचा? मी बसलो हाय ना दुकानात!"

भटजी माझ्या कानाशी आला. "कर्ता हट्टाला पेटला असेल तर भाच्याने केलेलं चालतं." तेव्हा मीच बसलो. मामाजी नको नको म्हणत का होईना, सगळं पाहत होते. मध्येच ते म्हणाले, "पानी असं नाई सोडत गा. अंगठ्यावरून सोड. दहावा करून राहिला का झाडाले पानी घालून राहिला?"

पिंड पत्रावळीवर ठेवून सगळे मागे सरकले. कडुनिंब गेल्यापासून तिथं कावळेही फारसे राहिले नव्हते. एक होता, विजेच्या खांबावर. त्याने पिंडाकडे एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याने पाहिलं, आणि मग तो पंख साफ करत बसला.

आम्ही वाट पाहिली. ऊन चढलं. मामाजींची कळी खुलली.

"पाहा! शिवून नाई राहिला. जितं हाय दुकान! पाखराले समजते, तुमाले समजत नाई."

मामीचा चेहरा पडला. रुपरावने रोलर पेटवून ठेवला होता; वाफ धरली होती आणि मिस्त्री घिरट्या घालत होता.

"तसं नाही," श्रीधरभटजी म्हणाला. "कावळा शिवत नाही म्हणजे मृताची काही इच्छा राहिली आहे. कोणीतरी वचन द्या."

आता माणसाची इच्छा ओळखता येते. मुलीचं लग्न राहिलं, धाकट्याचं शिक्षण राहिलं. दुकानाला काय हवं असतं? सगळे एकमेकांकडे पाहू लागले. पहिली पुढे झाली वच्छलाबाई, कोपऱ्यावरची फुटाणेवाली. तिची भट्टी रस्त्याने मागे ढकलली होती, पण वाचली होती. तिने चौकोनाला हात जोडले.

"बाप्पा, कोनी तुहा पत्ता पुसत आलं तं त्याले मूठभर फुटाने देईन आन् सांगीन, इथंच होतं म्हनून."

कावळ्याने पाठ फिरवली.

समोरचे कापडवाले शेठ म्हणाले, "माझ्या पाटीवर 'कुंदीच्या दुकानासमोर' असं लिहिलेलं आहे. ते मी पुसणार नाही."

कावळा ढिम्म.

एका तांगेवाल्याने शपथ घेतली की तो या जागी सवारी उतरवताना "कुंदी, कुंदी" अशीच हाक देईल. रुपरावने डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "अठून जवा जवा रोलर नेईन, शिट्टी देऊनच नेईन." यावर कावळा उडाला. सगळ्यांनी श्वास रोखला. तो पुढच्या खांबावर जाऊन बसला.

मग मामी. ती मामाजींकडे न बघता जमिनीला म्हणाली, "तुह्यासाठी अंगनात टिन टाकून घेईन. दिवसभर बडवलं तरी आवाजाचं नाव काढनार नाई."

मामाजींनी चमकून तिच्याकडे पाहिलं, पण उठले नाहीत.

आता सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझे हात पिठाने चिकट झाले होते, टाळू तापली होती, आणि मला काही सुचत नव्हतं. म्हणजे पुन्हा तेच झालं. "आता काय, ताराचंदची मोगरीच राहिली," मी म्हटलं. "बरं, तीबी मी धरीन. दर इतवारी."

लोक खो खो हसले, कारण जन्मात मी पेनापेक्षा जड काही उचललेलं कोणी पाहिलं नव्हतं. कावळा हसला नाही आणि शिवलाही नाही.

तेवढ्यात गर्दी बाजूला करत एक तांगा आला आणि त्यातून यमुताई उतरल्या. महालातल्या जुन्या घरातल्या. सत्तरीच्या पुढच्या, जाड भिंगाचा चष्मा, काखेत गाठोडं. त्या सरळ मामाजींसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ईश्वरदास, हे माझं लग्नातलं लुगडं. खळ घालून आणलंय. आज संध्याकाळी नातीचं लग्न आहे, अरुंधतीचं. तेवढी कुंदी करून द्या."

"यमुताई, दुकान गेलं ना," मामाजी बोलून गेले. गिऱ्हाइकाशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"कुठं गेलं?"

"पाडलं. रस्ता झाला."

यमुताईंनी चष्मा वर करून चारी बाजूंना पाहिलं. "हो का! मला वाटलं आज ऊनच जास्त आहे. बरं, मग कुंदी कधी होईल?"

"दुकान नाई ना ताई आता."

"मला कुंदी करायची आहे. दुकान विकत नाही घ्यायचं."

"इथं ओंडका नाई, मोगरी नाई, जोडीदार नाई..."

"मग इथं बसलात कशाला?"

हाच प्रश्न मामी रोज विचारत होती आणि रोज तिला उत्तर मिळत होतं. पण घरच्या माणसाला देतो ते उत्तर गिऱ्हाइकाला देता येत नाही. मग मामाजींच्या लक्षात आलं की गिऱ्हाईक उन्हात उभं आहे आणि आपण बसलो आहोत. आयुष्यात असं झालेलं नव्हतं. ते घाईने उठले, बोरा झटकला आणि म्हणाले, "बसा ताई."

यमुताई बसल्या.

"अवं माय," मामी कपाळावर हात मारून म्हणाली, "एक उठवला तं दुसरी बसली!"

मामाजींचं लक्ष नव्हतं. त्यांनी लुगड्याची घडी उघडून बोटांनी सूत चाचपलं. मग ते रोलरपाशी गेले. त्याच्या पुढच्या लोखंडी चाकावर त्यांनी तळहात ठेवला, जसा ते ओंडक्यावर ठेवत, आणि भोवती एक चक्कर मारली.

"रुपराव, वजन किती ह्याचं?"

"आठ टन."

"ताराचंदपेक्षा जरा जास्त हाय," मामाजी म्हणाले. "पुस."

"काय?"

"चाक पुस गा. वल्ल्या बोऱ्यानं पुस, मंग कोरड्या धोतरानं. आन् त्या नालीवर टाकता त्या दोन फळ्या आन."

रुपरावने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने आभाळाकडे पाहिलं. फळ्या आल्या. मामाजींनी लुगडं भटजीकडच्या स्वच्छ धोतरात गुंडाळून दोन फळ्यांच्या मध्ये घातलं. आम्ही फळ्या उचलून तयार रस्त्यावर ठेवू लागलो तसे ते ओरडले.

"अठी नाई! अठी रस्ता घट झाला. वरतून लोखंड, खालतून गोटा, फळी फुटंल ना बे. खालची जागा जरा दबनारी पाहिजे."

सगळ्या रस्त्यात दबणारी जागा एकच होती. मामाजी तिथं गेले आणि अदबीने वाकले.

"ताई, जरा उठता का? ह्या जागेचं काम हाय."

मला वाटतं त्या क्षणी मामीने श्वास घेणं थांबवलं होतं. यमुताई उठल्या. फळ्या चौकोनावर ठेवल्या गेल्या. रुपरावने वचनाप्रमाणे शिट्टी दिली, घोडा दचकला, आणि आठ टनांचा रोलर यमुताईंच्या लग्नावर चढला.

"सावकाश! लग्नाचं लुगडं हाय, गिट्टी नाई! थांब. मागं घे. डावीकडे जरासं. आता पुन्हा. तुहा हात चांगला हाय रुपराव, तू उगाच रस्त्यात वाया गेला."

चार-पाच फेऱ्या झाल्या. मामाजींनी वरची फळी उचलली, धोतर सोडलं. लुगडं असं चकाकत होतं की वच्छलाबाईने त्यात पाहून कुंकू नीट केलं. घडीची धार अशी की सुपारी कापावी. यमुताईंना दिसलं फारसं नसेल, पण त्यांनी त्यावरून बोटं फिरवली.

"ईश्वरदास, पूर्वी इतकी छान होत नव्हती हो."

मामाजींना हे जरा लागलं. "पूर्वीबी बरी होत होती," ते म्हणाले.

मग रुपरावने खालची फळी उचलली. खाली चौकोन नव्हता. सगळा एकसारखा रस्ता होता, इकडून तिकडे. मिस्त्री तोंड उघडणार होता, पण मामीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो रोलरच्या मागे गेला. मामाजी मात्र बघत राहिले. पायाने त्यांनी ती जागा दोनदा चाचपली. नक्की कुठं होती हे त्यांनाही सांगता येईना.

"गेलं," ते म्हणाले. एवढंच. आणि उपरण्याने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं.

त्यानंतर कोणाच्या तरी लक्षात आलं की पत्रावळीवर पिंड नाही. केव्हा गेला, कोणी पाहिलं नव्हतं. सगळे लुगडं बघत होते. यमुताईंच्या तांग्याच्या घोड्याने खाल्ला असा एक प्रवाद वस्तीत आहे, पण श्रीधरभटजी तो ऐकूनच घेत नाही. त्याची अडचण वेगळी होती. कावळा शिवला, पण कोणाच्या वचनावर शिवला? पहिल्यांदाच त्याने डोळे न मिटता निर्णय दिला. "कळायला मार्ग नाही. सगळ्यांनी पाळा."

सोमवारी पहाटे ट्रक आले. ते कसे गेले हे मी मुद्दाम बघायला उभा होतो, म्हणून सांगतो, सुसाट गेले. मामाजी आंघोळ करून, गंध लावून, बोरा बगलेत मारून ओट्यावर आले. मामी दारात हातातलं पीठ तसंच घेऊन उभी. ते थोडा वेळ रस्त्याच्या दिशेला पाहत राहिले आणि मग अंगणात वळून ओंडक्याची माती झाडू लागले.

याला आता तीन वर्षं झाली. शेठच्या पाटीवर अजून 'कुंदीच्या दुकानासमोर' आहे आणि समोर रस्ता आहे. बाहेरगावची माणसं तांगेवाल्याच्या "कुंदी, कुंदी" वर उतरतात, चारी बाजूंना पाहतात, कोपऱ्यावर विचारतात आणि मूठभर फुटाणे खात पुढे जातात. पोरांनी हे ओळखलं आहे. ती दिवसातून तीनदा पत्ता विचारतात आणि वच्छलाबाई शिव्या देत तीनदा सांगते. रस्ता उखडला की रुपराव येतो आणि आमच्याकडे आल्यावर कुठल्याही कारणाशिवाय शिट्टी वाजते, असं नवीन भाडेकरूंना वाटतं.

मी दर इतवारी मामाजींच्या अंगणात टिनाखाली ताराचंदच्या जागेवर बसतो. पहिल्या महिन्यात तळहाताला इतके फोड आले की सोमवारी गोदामात पेन धरता येईना. आता घट्टे पडले आहेत. गिऱ्हाईक कमी झालंय, पण येतं. ताल मला अजून जमलेला नाही.

"काहून असा मारतं बे? लुगडं हाय का साप हाय?" मामाजी समोरून ओरडतात.

"मामाजी, आतातरी सोडा ना. मी मजाकमदी म्हटलं होतं."

"मले काहून सांगतं? मले थोडी देल्लं वचन तू? दुकानाले देल्लं," मामाजी म्हणतात आणि मोगरी उचलतात. "मार."